सरहद्द ओलांडण्यापूर्वी

नगर जिल्ह्यातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचा उगमच परदेशाहून आलेल्या तरुणांच्या प्रवासात आहे; त्यामुळे अशा एखाद्या मंडळीतला तरुण संघ जेव्हा स्वतः सरहद्द ओलांडून दुसऱ्या देशात सेवेसाठी जाण्याचा बेत करतो, तेव्हा त्या बेताकडे केवळ कौतुकाने पाहावे की काळजीनेही पाहावे, हा प्रश्न आपला इतिहास जाणणाऱ्या माणसाला टाळता येत नाही. १८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील सेलम गावी पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली, त्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस पोहोचले, आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी १८३१ साली अहमदनगरास ठाणे दिले. आज त्याच मंडळ्यांची मुले नेपाळास निघण्याची भाषा बोलत आहेत. या बेताची पूर्वतयारी कशी असावी, याविषयी मंडळीत दोन पक्ष आढळतात आणि दोन्ही पक्ष श्रद्धेनेच बोलतात, म्हणून ते संवादरूपाने मांडीत आहे. संवाद कल्पित आहे. त्यातील मतभेद मात्र खरा आहे.

बोलणारे दोघे. एक, तरुण संघाची जबाबदारी वाहणारे, अजून चाळिशी न गाठलेले पाळक. दुसऱ्या, मिरजेच्या मिशन इस्पितळात परिचारिका म्हणून उभे आयुष्य वेचून आता नगरास येऊन राहिलेल्या, आणि ज्यांना सारी मंडळी मावशी म्हणते अशा वृद्ध बाई. बेत असा की बारा तरुणांनी गोरखपुरावरून सोनौलीची सरहद्द ओलांडावी, बुटवलहून डोंगर चढून पाल्पा जिल्ह्यातील तानसेनच्या परिसरात एका लहान मंडळीकडे दहा दिवस राहावे आणि परत यावे.

पाळक : मावशी, येत्या रविवारी पंच कमिटीपुढे प्रवासाचा मसुदा ठेवायचा आहे. सामानाची आणि कार्यक्रमाची यादी तुमच्याकडे दिली होती. तुमचा रुकार असल्याशिवाय तो कागद पुढे न्यावा असे मला वाटत नाही.

मावशी : यादी मी दोनदा वाचली. गाणी, दोन नाटुकली, साक्ष सांगण्याचा सराव, जुन्या गरम कपड्यांची पाच गाठोडी, तापाच्या आणि जुलाबाच्या गोळ्यांची दोन खोकी, मुलांना वाटायला फुगे आणि गोळ्या-बिस्किटे. यांतले तिकडच्या मंडळीने काय मागितले आहे, तेवढे मात्र मला कुठे सापडले नाही.

पाळक : त्यांचे पत्र आले आहे. ‘अवश्य या’ असे लिहिले आहे.

मावशी : दारात उभ्या राहिलेल्या माणसाला आपणही ‘या’च म्हणतो, पाळकसाहेब. तुम्ही त्यांना काय विचारले होते, यावर त्या ‘या’चा अर्थ अवलंबून आहे. ‘आम्ही येत आहोत’ असे कळवल्यावर गरीब मंडळीला दुसरे उत्तर देता येत नाही. ‘आम्ही यावे का, आणि आलो तर काय करावे’ असे विचारले असते, तर कदाचित निराळे उत्तर आले असते.

पाळक : हे बारकावे मी नाकारीत नाही; पण मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. आमची मुले पिढीजात ख्रिस्ती आहेत. शब्बाथशाळा, नाताळच्या फेऱ्या, उपासना संगीतातली पाठ असलेली गीते, एवढ्यात त्यांची श्रद्धा सामावते, आणि पुण्यात नोकरी लागली की तीही तिथल्या भाड्याच्या खोलीत विझू लागते. जिथे एकाच घरात पहिल्यांदाच कोणी ख्रिस्ताचे नाव घेत आहे, जिथे मंडळीत जाणे म्हणजे भावकीचा रोष ओढवून घेणे आहे, तिथले दहा दिवस या मुलांना जे शिकवतील ते माझी शंभर प्रवचने शिकवणार नाहीत. पूर्वतयारीचा आपण इतका विस्तार करावा की तिच्या ओझ्याखाली मूळ इरादाच दबून जावा, हे मला मान्य नाही. १८१२ साली जी मुले जहाजावर चढली, त्यांची तरी कोणती तयारी झाली होती? हॅरिएट न्यूएल ही त्यांच्यातल्याच एकाची पत्नी. कलकत्त्यास पोहोचताच कंपनी सरकारने चालते होण्याचा हुकूम दिला, मॉरिशसच्या वाटेवर समुद्रातच तिचे नवजात मूल गेले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, तीही गेली. सर्व सिद्धता होईपर्यंत ती माणसे थांबली असती, तर आज तुम्ही आणि मी या ओसरीवर हा वाद घालीत बसलो नसतो.

मावशी : त्या मुलीचे नाव निघाले की मला आजही गलबलून येते, म्हणून तिच्याविषयी मी तोलून बोलते. ती माणसे अपुऱ्या माहितीनिशी निघाली, हे खरे. पण हॉल आणि तिचा पती न्यूएल यांनी निघण्यापूर्वी फिलाडेल्फियास जाऊन वैद्यकाचा अभ्यास केला होता, आणि मुख्य म्हणजे ती माणसे परतीच्या तिकिटावर आली नव्हती. हॉलने मुंबईत मराठी शिकण्यात वर्षे घातली, आणि १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडच्या फेरीवर असताना पटकीने त्याला गाठले. तेरा वर्षे तो या भाषेत आणि या लोकांत जगला. त्याच्याही आधीचा दाखला घ्या. फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यास उतरले आणि त्यांचे मराठी ख्रिस्तपुराण छापून निघाले १६१६ साली. मधली सदतीस वर्षे हीच त्यांची तयारी. ज्याला आयुष्यभर राहायचे आहे, त्याच्या चुका आयुष्यभरात सुधारतात. ज्याला अकराव्या दिवशी परतायचे आहे, त्याने चूक केली तर ती तिथेच राहते आणि तो मात्र निघून येतो. मुक्काम जितका थोडा, तितकी तयारी अधिक हवी.

पाळक : पण मी नेपाळचे परिवर्तन करायला मुले नेतो आहे, असा माझा दावाच नाही. परिवर्तन व्हायचे आहे ते आमच्या मुलांचे. हे मी स्वच्छ कबूल करतो.

मावशी : तुम्ही कबूल करता याचे मला समाधान आहे, कारण पुष्कळ जण तेवढेही करीत नाहीत. पण मग पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे : आपल्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च कोणी सोसायचा? होंडुरास देशात १९९८ साली मिच नावाच्या वादळाने हजारो घरे पाडली, तेव्हा उत्तर अमेरिकेतून तरुणांच्या तुकड्यांमागून तुकड्या घरे बांधायला गेल्या. तिथेच राहणारे कर्ट व्हर बीक नावाचे समाजशास्त्रज्ञ. त्यांनी पुढे त्या घरांची पाहणी केली आणि २००६ साली ती प्रसिद्ध झाली. स्थानिक ख्रिस्ती संस्था जे घर सुमारे २,००० डॉलरांत उभे करी, त्यासाठी आलेल्या एकेका तुकडीचा प्रवासखर्चच सुमारे ३०,००० डॉलरांच्या घरात जाई. पाहुण्यांनी बांधलेल्या घरात राहणाऱ्यांच्या आणि स्थानिक गवंड्यांनी बांधलेल्या घरात राहणाऱ्यांच्या जीवनात काही अंतर आढळले नाही. आणि ज्यांच्या अंतःकरणाच्या पालटासाठी हा खटाटोप, त्या पाहुण्यांच्या घरी परतल्यानंतरच्या वागण्यात व दानधर्मातही फारसा टिकाऊ फरक दिसला नाही.

पाळक : हिशेब बिनतोड आहे, तरी मला तो अपुरा वाटतो. बेथानीत एका स्त्रीने बहुमोल सुगंधी तेल प्रभूच्या पायांवर ओतले, तेव्हा ते विकून गरिबांना पैसे का दिले नाहीत, असा हिशेब कोणी मांडला होता, तेही आठवा. प्रेमाने केलेल्या प्रत्येक प्रवासाचे मोल विटा-सिमेंटच्या दराने काढू लागलो, तर कोणी कोणाला भेटायलाच जाणार नाही. मंडळीने मंडळीला भेटणे, अनोळखी भाषेतल्या प्रार्थनेला आमेन म्हणणे, याला काही किंमत आहे की नाही?

मावशी : आहे, आणि मोठी आहे. पण ते तेल त्या स्त्रीचे स्वतःचे होते, पाळकसाहेब. इथे काही भाग आपण ओततो आणि काही भाग यजमानाच्या कुपीतला ओततो. बारा माणसांच्या दोन वेळच्या डाळभाताची तजवीज, अंथरुणे-पांघरुणे, शेतातली कामे टाकून तुमच्या पाठीशी दहा दिवस हिंडणारा दुभाषा, आणि तुम्ही निघून गेल्यावर, ‘हे परदेशी कशाला आले होते’ म्हणून गावात होणारी चौकशी, हे सारे त्यांच्या खाती पडते. शेवटची बाब तर सर्वांत जड आहे. नेपाळच्या २०१५ च्या संविधानाच्या २६ व्या कलमाने दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई केली आहे, आणि २०१८ पासून अमलात आलेल्या दंडसंहितेत त्या अपराधाला ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. अपराधी परदेशी असेल, तर शिक्षा भोगून झाल्यावर ७ दिवसांत हद्दपारी. हे तुमच्या बारा जणांपैकी किती जणांना ठाऊक आहे?

पाळक : तिघा-चौघांना असेल. पण कायद्याचे भय दाखवून मुलांची तोंडे बंद करावीत, असे का तुमचे म्हणणे? प्रेषितांना मनाई झाली, तेव्हा त्यांनी माणसांपेक्षा देवाचे ऐकणे पत्करले.

मावशी : आणि मग ते यरुशलेमातच राहिले, फटकेही त्यांनीच खाल्ले. माझा मुद्दा भयाचा नाही, न्यायाचा आहे. पृथ्वीनारायण शहांनी काठमांडूचे खोरे जिंकल्यावर कापुचिन धर्मगुरूंना देश सोडावा लागला, तेव्हा त्यांच्याबरोबर मूठभर नेवार ख्रिस्ती घरेदारे टाकून बिहारात बेतियाच्या बाजूला येऊन वसले. ती गोष्ट १७६९ ची. पुढे १९६० च्या सुमारास, तुम्ही चालला आहात त्याच तानसेनला, बाप्तिस्मा घेतल्याबद्दल नेपाळी स्त्रीपुरुषांना तुरुंगवास घडला. त्यांनी ख्रिस्ताचे नाव घेतले आणि त्याची किंमत आपल्याच गावात मोजली. अशा ठिकाणी बोलण्याचा अधिकार त्याचा, ज्याला त्या बोलण्याचे परिणाम तिथेच राहून भोगायचे आहेत. आपली मुले चौकात उभी राहून पत्रके वाटतील आणि अकराव्या दिवशी सोनौलीला येऊन चहा पितील. पोलीस मात्र त्या मंडळीच्या पाळकाच्या दारात उभा राहील.

पाळक : हे तुम्ही म्हणता तेव्हा मला उत्तर सुचत नाही. तरी एक शंका राहते. शब्द नसलेली सेवा, केवळ पाहुणचार घेऊन परत येणे, ही सहल नव्हे काय? सुवार्ता मनात दाबून जी भेट द्यायची, तिला मिशन का म्हणावे?

मावशी : त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात आहे. १९५४ च्या मार्चमध्ये नागपुरास निरनिराळ्या मिशनांचे प्रतिनिधी जमले आणि नेपाळासाठी त्यांनी एक संयुक्त मिशन स्थापन केले. त्याच्या मुळाशी होते फ्लेमिंग नावाचे मसुरीच्या वुडस्टॉक शाळेतले शिक्षक; हे गृहस्थ पक्षिशास्त्रज्ञ, पक्ष्यांच्या शोधात पाल्पाच्या डोंगरांत गेले आणि त्यांच्या सोबतच्या डॉक्टरांकडे रोग्यांची रीघ लागली. नेपाळ सरकारने इस्पितळ काढण्याची परवानगी दिली ती, धर्मप्रसार करायचा नाही, या अटीवर. आणि ती अट पत्करून त्यांनी तानसेनला इस्पितळ काढले, काठमांडूत राणांच्या एका जुन्या महालात, शांता भवनात, दुसरे चालवले. मंडळी उभी केली ती नेपाळी लोकांनी; दार्जिलिंगच्या बाजूने परत आलेल्या, त्याच भाषेत वाढलेल्या माणसांनी. पाहुणे रोग्यांची शुश्रूषा करीत राहिले, पाळकपण यजमानांकडेच राहिले. १९५० च्या आसपास ज्या देशात ख्रिस्ती माणूस जवळजवळ नव्हता, तिथे २०२१ च्या जनगणनेत त्यांची संख्या ५ लाखांहून अधिक, म्हणजे १.७६ टक्के भरली. ती वाढ मौन पाळणाऱ्या परदेश्यांची नव्हे, आणि बडबड करणाऱ्या परदेश्यांची तर नव्हेच.

पाळक : म्हणजे आपण नेपाळी मंडळीच्या हाताखाली जायचे.

मावशी : हाताखालीच. आणि हे मी माझ्या पदरचे सांगत नाही. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभूने सत्तर जणांना पाठवले, त्यांना काय पढवले ते नीट वाचा. तिथे भाषणाचा सराव नाही. थैली घेऊ नका. ज्या घरी उतराल त्याच घरी राहा, घरे बदलीत हिंडू नका. पुढे ठेवतील ते खा. बहुतेक पाठ पाहुण्याने कसे वागावे याचाच आहे. थैली नसलेला माणूस यजमानावर उपकार करू शकत नाही, त्याला उपकार घ्यावाच लागतो. मला वाटते, प्रभूचा हेतूच तो असावा. आपली पाच गाठोडी आणि दोन खोकी ही थैलीच आहे. त्या गोळ्यांचे तर नावच काढू नका. तिथे औषध द्यायला तिथला परवाना लागतो, आणि कोणाला काय सोसते हे न पाहता ताप आला म्हणून गोळी वाटणे, हे मी मिरजेत कोणाला करू दिले नसते.

पाळक : मग माझ्या मुलांना शिकवायचे तरी काय? तपशील सांगा. टीका मी ऐकली. आता कार्यक्रम हवा आहे.

मावशी : आमच्याकडे नव्या मुली शिकायला येत, तेव्हा आरंभी त्यांच्या हाती सुई कोणी देत नसे. खाट लावणे, चादरीला सुरकुती न ठेवणे, बेडपॅन धुणे, आणि रोगी बोलत असताना मध्ये न बोलणे, यांतच पहिले महिने जात. ज्यांना ते कमीपणाचे वाटे त्या आपोआप गळत. तसेच हे. निदान सहा महिने द्या. नेपाळी देवनागरीतच लिहितात, तेव्हा आपल्या मुलांना पहिल्या दिवसापासून त्यांचे पवित्र शास्त्र मोठ्याने वाचता येईल. अर्थ हळूहळू लागेल, पण वाचणाऱ्याच्या चुका सुधारताना यजमानाला आपण शिक्षक झाल्याचा आनंद होईल. तिथे उपासना शनिवारी असते, कारण सुट्टी त्या दिवशी. चपला बाहेर काढून जमिनीवर बसायचे, बहुधा पुरुष एका बाजूला आणि स्त्रिया दुसऱ्या. भेटताच ‘जय मसीह’ म्हणायचे. कोणालाही पैशाचे, शिक्षणाचे किंवा नोकरीचे वचन द्यायचे नाही. मुलांची छायाचित्रे आई-बापांना विचारल्याशिवाय काढायची नाहीत. आणि अनाथालयाला भेट देण्याचा जो कार्यक्रम तुम्ही सातव्या दिवशी ठेवला आहे, तो काढून टाका; नेपाळातल्या अशा पुष्कळ घरांतल्या मुलांचे आईबाप किंवा त्यांपैकी एक तरी हयात असल्याचे उघडकीस आले आहे, आणि पाहुण्यांच्या दयेवर काही ठिकाणी त्यांचा व्यापार चालतो.

पाळक : सहा महिने म्हटले की बारांचे सात होतील.

मावशी : होऊ देत. आणि त्या सहा महिन्यांतला मुख्य धडा घरापासून दोन फर्लांगांवर आहे. आपल्या बाजारपेठेतल्या हॉटेलांत भांडी घासणारी, पुण्याच्या सोसायट्यांत रात्रभर पहारा देणारी नेपाळी माणसे बहुधा अशाच एखाद्या नाक्यावरून सरहद्द ओलांडून आलेली आहेत. आपल्या तरुण संघातल्या किती जणांना त्यांतल्या एकाचे तरी नाव ठाऊक आहे? त्याचे गाव कुठले, घरी कोण, शेवटचा घरी कधी गेला, हे ज्याने इथे विचारले नाही, त्याने तिथे जाऊन काय विचारावे? ज्याला इथल्या नेपाळी माणसाच्या घरी निदान एकदा जेवायला बोलावणे आले असेल, त्याचेच नाव यादीत घाला.

पाळक : ही अट माझ्या डोक्यात कधीच आली नव्हती, आणि ती मी पत्करतो. गोळ्या, कपडे, नाटुकली, अनाथालय, हे सारे यादीतून वगळतो. कायद्याची कलमे मराठीत लिहून प्रत्येकाकडून वाचून घेतो. आणि तिकडच्या मंडळीला पुन्हा पत्र लिहून, यावे का, असे विचारतो. पण एक गोष्ट मी सोडणार नाही. त्या मंडळीने आपणहून विचारले की तुमच्या जीवनात ख्रिस्ताने काय केले, तर माझ्या मुलांनी ते सांगावे, अडखळत का होईना, पण सांगावे. आणि त्यासाठी त्यांना मी तयार करणार. तुमच्या सावधगिरीत मला एक धोका दिसतो, मावशी : सभ्यपणाच्या आवरणाखाली आपली श्रद्धा आपणच विसरण्याचा.

मावशी : तो धोका आहे, मी नाही म्हणत नाही. विचारल्यावर बोलावे, आणि बोलताना भाड्याने आणलेली वाक्ये नसावीत. मीही एक अट सोडणार नाही. प्रवासाहून परत आल्यावर मंडळीपुढे जो वृत्तांत वाचला जाईल, त्याचा पहिला भाग तिकडच्या पाळकाच्या पत्राचा असावा : आमच्या मुलांनी काय बरे केले, काय चुकले, आणि पुन्हा कोणाला पाठवू नये. ते पत्र येईपर्यंत आपल्या मुलांनी उभे राहून कोणतीही साक्ष देऊ नये.

पाळक : ही अट कठीण आहे.

मावशी : आहे. म्हणूनच ती निघण्यापूर्वी सांगावी लागते.

या दोघांपैकी कोणाचाच पक्ष टाकून देण्यासारखा नाही, हे वाचकाच्या ध्यानी आले असेल. तरुणांच्या आवेशाला बांध घालण्यातच धर्मरक्षण आहे असे मानणारी मंडळी काही वर्षांत म्हाताऱ्यांची होऊन बसते. पाळकांचे भय निराधार नाही. तथापि प्रस्तुत लेखकाचे मत मावशींच्या बाजूला झुकते, आणि त्याचे कारण सावधगिरीची आवड हे नव्हे. १९१० साली एडिंबरो येथे भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेत तमिळ देशातील अझरया यांनी गोऱ्या मिशनऱ्यांकडे जे मागितले, ते आणखी धन किंवा आणखी त्याग नव्हते, तर बरोबरीची मैत्री होती. पुढे १९१२ मध्ये ते पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले, पण त्यांची ती मागणी आजही पुरी झालेली नाही. एकेकाळी ती मागणी आपण करीत होतो. आता आपली मुले पाठवणाऱ्यांच्या जागी उभी राहू पाहतात, तेव्हा आपल्याला जे मिळाले नाही ते दुसऱ्यांना देण्याची पाळी आपल्यावर आली आहे. आणि मैत्री, गाठोड्यात बांधून नेता येत नसल्यामुळे, ज्याच्याकडे जायचे त्याचा अधिकार मान्य करूनच देता येते. प्रत्येक पंच कमिटीने प्रवासाला मंजुरी देण्यापूर्वी खर्चाचा अंदाज जरूर तपासावा. परंतु त्याआधी यजमान मंडळीचे पत्र मागवावे, ते उघड्या सभेत वाचावे, आणि त्यात ‘सध्या येऊ नका’ असे लिहिले असेल, तर प्रार्थनापूर्वक तेही पाळावे. ज्या तरुणांना हा नकार न रागावता स्वीकारता येईल, ते सरहद्द ओलांडण्यास योग्य झाले, असे समजण्यास हरकत नाही.